बिनपोच्याचा दरवाजा

मित्रांनो, दरवाजा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर घराचा दरवाजा येतो, तोरण लावलेला आणि नावाची पाटी मिरवणारा. मी तसला नाही. एका जुन्या मोटारीचा मी उजवीकडचा मागचा दरवाजा आहे. दसऱ्याला हार पडतो तो बॉनेटला, आणि धुताना लाड होतात ते पुढच्या काचेचे. माझ्याकडे लोक बघतात ते बोट चेमटलं तरच. तरीही सांगण्यासारखं माझ्यापाशी आहे, आणि ते मी सांगणारच.

माझा जन्म काही फार गाजावाजाचा नाही. पत्र्याच्या मोठ्या गुंडाळीतून एक तुकडा कापला, यंत्राने एकदाच दाबला, आणि मी झालो. मग रंगाचे थर बसले, काच बसली, कडी बसली. पहिली काही वर्षं कोथरूडच्या एका सोसायटीत गेली. घरात दोघं नवरा-बायको, दोघंही शिक्षक. गाडी रविवारी बाहेर निघायची आणि पुसून परत आत जायची. मला उघडायचं कामच पडत नसे, कारण मागे बसायला कोणी नव्हतं. पुढे त्यांनी गाडी विकली ती युसूफभाईंना, आणि माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

युसूफभाई म्हणजे वारज्यातले डेंटिंगवाले. घर भवानी पेठेत, पण शेड वारज्यात. गाडीला पोचा पडला की तो काढून पत्रा होता तसा करायचा, हे त्यांचं काम. त्यांचे वडील कासिमचाचा वारजं अजून गाव होतं तेव्हा इथे आले आणि आप्पासाहेबांच्या शेताच्या कडेला शेड टाकून बसले. आता शेत नाही, तिथे तीन इमारती आहेत, पण आप्पासाहेब आहेत आणि त्यांच्या जागेत शेडही आहे. भाडं कित्येक वर्षांत वाढलं नाही. आप्पासाहेब सकाळी काठी टेकत येतात, शेडमधल्या बाकड्यावर बसतात आणि चहा घेऊन जातात. पूर्वी त्यांच्या ट्रॅक्टरचा पत्रा इथे ठोकला जायचा, आता मुलाच्या मोठ्या गाडीचा.

युसूफभाईंच्या कामाची एक खूण होती. ते पुट्टी वापरत नसत. बाकीचे लोक पोचा थोडा बाहेर काढतात आणि उरलेला खड्डा पुट्टीने भरून वर रंग मारतात. युसूफभाई आतून ठोकळा लावून, बाहेरून हलक्या हातोडीने, पत्राच मूळ जागी आणून बसवत. काम झालं की खिशातून एक चुंबक काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. "फिरवा कुठेही. पुट्टी असेल तिथे चिकटणार नाही." चुंबक सगळीकडे चिकटायचं. मग ते एकच वाक्य बोलायचे, "सांगा बरं, पोचा कुठे होता?" गिऱ्हाईक शोधत बसायचं, आणि ते चहा पीत बघत राहायचे. त्यांची चैन म्हणाल तर एवढीच.

त्यांच्या पत्नी हुस्नबानू. शेजारपाजारच्या बाया त्यांना भाभी म्हणतात, मीही तेच म्हणतो. भाभी आरीचं काम करतात. लग्नाच्या ब्लाउजवर मणी, जरी आणि टिकल्या भरतात ना, ते. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं आणि आकड्यासारख्या सुईने वरून टाका ओढायचा. कोथरूडमधल्या नवऱ्या मुली त्यांच्याकडे यायच्या, आणि आईला सांगायच्या की ब्लाउज भाभींकडूनच पाहिजे. सगळं काम उजव्या मनगटाचं. बोटं तर हलतातच, पण फिरतं ते मनगट.

आता त्या दिवसाचं सांगतो. संक्रांत चार दिवसांवर आली होती. भाभींना तयार ब्लाउज कोथरूडला द्यायचे होते आणि नवी चौकट आणायची होती. पुढची सीट पाडून चौकट तिरकी ठेवलेली, त्यामुळे भाभी माझ्या बाजूला, युसूफभाईंच्या मागे बसल्या होत्या. डाव्या हाताने चौकट धरलेली आणि उजवा हात माझ्या आतल्या मुठीवर. एका बिनसिग्नलच्या चौकात आमची गाडी वळत होती. उजवीकडून एक मोठी गाडी आली. फार जोरात नाही, पण थांबायचं तिथे ती थांबली नाही. तिचं नाक सरळ माझ्या पोटात बसलं.

युसूफभाई रागाने उतरले. समोरच्या गाडीतून उतरला तो इंद्रजीत, आप्पासाहेबांचा मुलगा. त्याच्या शेजारच्या सीटवर स्वतः आप्पासाहेब.

"अरारा, आपलीच गाडी की," आप्पासाहेब म्हणाले. "युसूफभाई, लागलं न्हाई ना कुणाला?"

युसूफभाईंचा राग तिथल्या तिथे विरला. दोघं एकमेकांची विचारपूस करत उभे राहिले. मागे हॉर्न वाजायला लागले. एक गृहस्थ स्कूटर थांबवून म्हणाले, "ओळख निघाली असेल तर गाड्या बाजूला घ्या. चहा नंतर प्या." गाड्या बाजूला झाल्या. आप्पासाहेबांची सून तेजस्विनी मागे बसली होती, तिने फोटो काढायला मोबाईल वर केला. आप्पासाहेब म्हणाले, "ठेव तो. घरातल्या घरात फोटो काय काढायचा." आणि युसूफभाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय बी लागलं तरी मी हाय. शब्द देतो."

भाभी आत मनगट धरून बसल्या होत्या. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला. वाटेत दवाखान्यात नेलं. परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, "जिन्यावरून पाय घसरला असं का सांगितलंत डॉक्टरांना?"

"अपघात म्हटला की ते पोलिसांना कळवतात," युसूफभाई म्हणाले. "कशाला इंद्रजीतच्या मागे लचांड. एक्स-रेत काही दिसलं का? नाही ना. मुका मार आहे, जाईल."

डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगितलं होतं. पण लग्नसराई होती. भाभी मनगटाला पट्टी बांधून टाके घालत राहिल्या.

आणि माझं काय झालं म्हणता? दुसऱ्या दिवशी रविवार होता. युसूफभाईंनी गिऱ्हाइकांच्या गाड्या बाजूला ठेवल्या आणि मला हातात घेतलं. बायको ज्या गाडीत बसते तिच्यावर पोचा, हे त्यांना बघवत नव्हतं. माझं आतलं अस्तर काढलं, ठोकळा लावला, आणि दिवसभर टक टक टक. मित्रांनो, इतक्या मायेने मला कधी कोणी हात लावला नव्हता. संध्याकाळपर्यंत मी सरळ झालो आणि दोन दिवसांत रंगही चढला. त्याच आठवड्यात त्यांनी इंद्रजीतच्या गाडीचं नाकही तसंच नीट करून दिलं. आप्पासाहेब पैसे देत होते, यांनी घेतले नाहीत. आप्पासाहेबांनी मग पेरूंची पिशवी पाठवली.

पुढचे दोन-तीन महिने माझ्या कौतुकाचे होते. नवीन गिऱ्हाईक आलं की युसूफभाई त्याला माझ्यासमोर उभं करायचे, चुंबक द्यायचे आणि विचारायचे, "सांगा, कुठे लागली होती?" कोणालाही सांगता येत नसे. मी फुगून गेलो होतो. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडत होतं.

त्यांची मुलगी अरिबा कोथरूडच्या एका ऑफिसात नोकरीला आहे. एका रविवारी ती गाडी पुसता पुसता म्हणाली, "अब्बा, विम्याला कळवलं होतंत ना?"

"कळवायचं काय? पोचाच नाही," युसूफभाई म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर हसले.

तेव्हा मीही हसलो होतो. पुढे हसू आलं नाही. उन्हाळ्यात भाभींच्या हातातून सुई सुटायला लागली. एकदा त्यांनी मला उघडायला कडीत बोटं घातली आणि तशाच थांबल्या. कडी त्यांना ओढवेना. डाव्या हाताने उघडून त्या आत बसल्या. मोठ्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा कळलं, की मनगटातलं एक लहानसं हाड त्याच दिवशी तडकलं होतं. पहिल्या एक्स-रेत ते दिसत नाही, असं पुष्कळदा होतं. तडकलेल्या हाडाने टाके घालून घालून ते जुळायचं राहून गेलं होतं. आता ऑपरेशन, आणि नंतरही आरी पूर्वीसारखी फिरेल याची खात्री नाही. नवऱ्या मुलींचे फोन येत होते आणि भाभी त्यांना दुसऱ्या बायांची नावं सांगत होत्या.

आप्पासाहेबांना हे कळलं नाही का? कळलं, पण निम्मंच. ते रोज विचारायचे, "भाभींचा हात कसा हाय?" आणि युसूफभाई रोज म्हणायचे, "ठीक आहे आप्पा." त्यांना मदत करायची होती, यांना मागायची नव्हती. दोघंही भले आणि दोघंही भिडस्त. त्यांच्या भलेपणात महिने निघून गेले.

जूनच्या अखेरीस अरिबाने गाडीतच विषय काढला. पुढे ती आणि युसूफभाई, मागे माझ्यापाशी भाभी.

"अब्बा, मी विचारून आले. अपघातात माणसाला लागलं तर भरपाईचा अर्ज सहा महिन्यांत करायचा असतो. संक्रांतीच्या चार दिवस आधीपासून मोजा. आपल्याकडे आता थोडेच दिवस उरलेत."

"म्हणजे आप्पासाहेबांवर दावा करायचा?"

"हो. इंद्रजीतवर आणि त्यांच्या विमा कंपनीवर."

"ज्याच्या जागेत दोन पिढ्या बसलोय, त्याला कोर्टात उभं करू? त्या माणसाने शब्द दिलाय."

मग भाभी बोलल्या. आवाज चढला नव्हता, पण मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो, तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. "तुम्हाला आप्पासाहेबांची भीड वाटते. माझ्या हाताची भीड तुम्हाला कधी वाटली? मला भांडण नको आणि पैशांचं डबोलंही नको. मला हात पाहिजे. नाही मिळाला, तर त्या हाताने जे मिळवत होते ते कुठून येणार, एवढं तरी सांगा."

युसूफभाईंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "कोणाकडे जायचं?"

जयाताई वकील कोथरूडला बसतात. त्या खाली उतरून गाडी बघायला आल्या. केस पिकलेले, डोळ्यांवर चष्मा, आणि बोलणं अस्सल पुण्याचं.

"कुठे लागली होती?" त्यांनी विचारलं.

आणि मित्रांनो, सवय वाईट. युसूफभाईंच्या तोंडून निघून गेलं, "बघा, सापडतं का." खिशातलं चुंबकही त्यांनी अर्धं बाहेर काढलं. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि हात तसाच राहिला.

जयाताईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "उत्तम काम आहे. इतकं उत्तम, की अपघात झालाच नाही असं समोरचे म्हणतील, आणि मला उत्तर देता येणार नाही. दुसरी गाडी?"

"तीही मीच केली."

"छान. आणि दवाखान्यात काय सांगितलंत?"

"जिन्यावरून घसरली म्हणून."

"म्हणजे समोरच्या वकिलाला करायला काही ठेवलंच नाहीत आपण," जयाताई म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी समजावलं. "दोन मुदती वेगळ्या असतात. गाडीच्या नुकसानीसाठी आपल्या विम्याला लगेच कळवायचं असतं, आणि त्यांच्या माणसाने बघेपर्यंत गाडीला हात लावायचा नसतो. ती मुदत तुम्ही हातोडीने संपवलीत, तिचं नाव काढू नका. माणसाच्या इजेची मुदत वेगळी, ती सहा महिन्यांची. त्या सहा महिन्यांवरून वरच्या कोर्टात वाद चालू आहे. उशिरा आलेला अर्ज लगेच फेटाळत नाहीत, असंही कोणी सांगेल. त्या भरवशावर मी माझ्या अशिलाला बसू देत नाही. आणि भरपाई त्यांच्या विमा कंपनीने द्यायची असते. दुसऱ्याला लागलं तर म्हणून प्रत्येक गाडीला तो विमा घ्यावाच लागतो. त्यांच्याशी वैर करायला कोणी सांगितलंय तुम्हाला? पण अपघात झाला, आणि त्यांच्या गाडीने झाला, हे आता ते स्वतः म्हणाले तरच टिकेल."

सगळं एका माणसाच्या तोंडून निघणाऱ्या एका वाक्यावर आलं होतं, आणि त्याच्याशी बोलायची युसूफभाईंची जीभ उचलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासाहेब बाकड्यावर येऊन बसले. इंद्रजीत त्यांना सोडायला आला होता. युसूफभाईंनी चहा दिला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, डॉक्टरांचं, ऑपरेशनचं, अर्जाचं. भाभी माझ्याजवळ उभ्या होत्या.

आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला. "दावा? माझ्यावर?" त्यांचा चेहरा उतरला. "मी शब्द दिला व्हता, युसूफभाई. मागायचं व्हतं."

भाभी म्हणाल्या, "शब्द दिलात, आप्पासाहेब, आणि तो तुम्ही मोडला नाहीत. पण शब्दाला तारीख नसते. कायद्याला असते, आणि ती पुढच्या आठवड्यात आहे."

इंद्रजीत मोबाईल खिशात घालत पुढे आला. "एक मिनिट. आप्पा, तुम्ही काही बोलू नका. पोलिस केस होईल, माझं लायसन्स, माझा रेकॉर्ड, सगळं मध्ये येईल. युसूफचाचा, रिस्पेक्ट आहे, पण प्रूफ काय आहे? आमच्या गाडीवर काही नाही. तुमच्या गाडीवर पण काही नाही. दाखवा ना, कुठे आहे पोचा?"

माझ्यावरून सकाळचं ऊन सरळ घसरत होतं, कुठेही अडकत नव्हतं. ज्या दिवसांत लोक माझं कौतुक करत होते, ते सगळे दिवस मला तेव्हा नकोसे झाले. कुठे तरी एखादा खड्डा, एखादा ओरखडा राहिला असता तर मी तो पुढे केला असता.

आप्पासाहेब काठी टेकत उठले. हळूहळू माझ्यापर्यंत आले, वाकले, आणि त्यांनी आपला तळहात माझ्यावर ठेवला. कडीच्या खाली, बोटभर पुढे. बरोबर तिथेच, जिथे त्यांच्या गाडीचं नाक बसलं होतं.

"हितं," ते म्हणाले. "हितं बसली व्हती. मी पुढंच बसलो व्हतो. आवाज अजून कानात हाय. काचेतनं भाभी दिसल्या व्हत्या, हात असा धरलेला." त्यांनी हात काढला नाही. मान वळवून मुलाकडे बघितलं. "गाडी कोण चालवत व्हतं, इंद्रजीत?"

इंद्रजीतने इकडेतिकडे बघितलं. मग तो भाभींच्या मनगटाकडे बघत राहिला.

"मी," तो म्हणाला. "मी चालवत होतो. मला थांबायला पाहिजे होतं."

त्याच दुपारी सगळे याच गाडीतून पोलिस चौकीत गेले. भाभी माझ्यापाशी, मागेच इंद्रजीत, पुढे आप्पासाहेब. तेजस्विनीने फोन करून सांगितलं, की तीही जबाब द्यायला येते, तिनेही सगळं बघितलंय. इतके दिवस का कळवलं नाही, असं चौकीतल्या साहेबांनी विचारलं तेव्हा आप्पासाहेबांनी सांगितलं, "मी नको म्हणालो व्हतो. तसं लिवा." दवाखान्यात जिना का सांगितला, ते युसूफभाईंनी सांगितलं, आणि तेही लिहून झालं. परत येताना हे सगळं गाडीत पुन्हा दोनदा बोललं गेलं, म्हणून मला ठाऊक. मुदत संपायच्या आत अर्ज गेला. भाभींनी त्यावर डाव्या हाताने सही केली, वाकडीतिकडी. जयाताई म्हणाल्या, "चालेल. वेळेवर आहे, हे महत्त्वाचं."

तर अशी ही गोष्ट. भरपाईचं प्रकरण अजून चालू आहे, तारखा पडतात, कोर्टाचं काम कोर्टाच्या गतीने चालतं. शेड होती तिथेच आहे. आप्पासाहेब रोज चहाला येतात, फक्त आता भाभींचा हात कसा आहे विचारल्यावर युसूफभाई "ठीक आहे" म्हणत नाहीत, आहे तसं सांगतात. ऑपरेशन झालं. भाभी चौकटीवर दिवसातून थोडा वेळ बसतात, सोपे टाके घालतात. अवघड नक्षीचं काम त्या शेजारच्या मुलींना शिकवतात आणि मुली ते करतात.

मला मात्र आता कोणी चुंबक लावत नाही. ते चुंबक युसूफभाईंनी खिशातून काढून फळीवर ठेवून दिलं आहे. पोचा घेऊन कोणी आलं की ते हातोडी उचलत नाहीत. आधी विचारतात, "कुणाला लागलं का? विम्याला कळवलं का? फोटो काढलात?" गिऱ्हाईक म्हणतं, जाऊ द्या हो, ओळखीचेच होते. मग ते माझ्याकडे बोट करतात आणि म्हणतात, "तेही ओळखीचेच होते." काही लोक वैतागून दुसऱ्या शेडमध्ये जातात. जाऊ देत.

मित्रांनो, मी पत्रा आहे. मला आज ठोका, वर्षाने ठोका, मी सरळ होतो. म्हणून माझी घाई करू नका. गाडीला धक्का लागला तर आधी शेजारी बसलेल्याचा हात बघा, डॉक्टरांना खरं ते सांगा, आणि ज्याला जिथे कळवायचं असतं तिथे वेळेत कळवा. समोरचा ओळखीचा असेल, तर आणखी लवकर. एवढं माझं ऐका.

माझ्या अंगावर आज एकही पोचा नाही. भाभी अजून माझ्याच बाजूने गाडीत बसतात, आणि मला डाव्या हाताने उघडतात.